सत्तेचाळिसावी तार

तिचं खरं नाव प्रयोगशाळेत फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळे तिला तारामावशी म्हणत. नवा माणूस आला की हमखास फसायचा. आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यास चालतो त्या जागेत मावशीचं नावही तारा, वा, काय जुळून आलंय, असं तो कौतुकानं म्हणायचा. मग जुने लोक हसून सांगायचे, "अहो, आकाशातला नव्हे. तारा ओढते म्हणून तारामावशी. एक तार, अनेक तारा, त्यातली."

आणि तारा म्हणजे विजेच्या खांबावरच्या नव्हेत. माणसाच्या एका केसाचे उभे तीन भाग केले, तर त्यातला एक भाग जेवढा होईल तेवढी ती तार. टंगस्टनची, वर सोन्याचा मुलामा. दिव्याखाली धरली तर चमकायची, कोन जरा बदलला की नाहीशी व्हायची. हातातून सुटली तर शोधायच्या फंदात कुणी पडत नसे, सरळ दुसरा तुकडा कापायचे. अशा साठ तारा एका चौकटीवर, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, सारख्या ताणानं बसवायच्या आणि एकही तुटू द्यायची नाही, हे मावशीचं काम.

हा हात तिला वडिलांकडून आला होता. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एका तिमजली इमारतीच्या जिन्याखालची जागा. दोन स्टुलं मावायची, तिसरा माणूस आला तर त्यानं बाहेर उभं राहायचं. बाराव्या वर्षापासून दुसरं स्टूल तिचं. डोळ्याला भिंग लावून बसायची आणि वडील पाठीमागून शिकवायचे, "हात थरथरतो तो हातामुळे नाही, श्वासामुळे. आधी श्वास सोड. सगळा सोड. मग चिमटा उचल." अठराव्या वर्षापर्यंत ती केसाएवढी स्प्रिंग न वाकवता बसवू लागली होती. वडील तोंडावर कधी कौतुक करत नसत. फक्त अवघड घड्याळ आलं की काही न बोलता तिच्याकडे सरकवायचे.

पुढे लोकांनी मनगटावर घड्याळ बांधणंच सोडलं. येणारे यायचे ते बॅटरी बदलायला. अशाच एका दुपारी एक गृहस्थ पट्ट्याची तुटलेली पिन घेऊन आले. मावशी तेव्हा चौतिशीची. ती एका जुन्या घड्याळात स्प्रिंग बसवत होती. गृहस्थ पिन विसरून तिच्या बोटांकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, आमच्याकडे तारा बसवायच्या आहेत. यंत्रानं बसत नाहीत, तुटतात. दोन माणसं काम सोडून पळाली. तुम्ही उद्या येऊन बघाल का? उद्या कशाला, आत्ताच चला ना."

हे घाईसाहेब. प्रयोगशाळेतले मुख्य इंजिनिअर. त्यांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. चालतानाही त्यांचं डोकं पायांच्या हातभर पुढे असायचं.

तिनं वडिलांकडे पाहिलं. वडील भिंगातून मान न काढता म्हणाले, "जा की. बॅटऱ्या बदलायला माझा एक हात पुरतो."

पहिल्या दिवशी तिनं सात तारा बसवल्या, एकही तुटली नाही. घाईसाहेब आनंदानं काचेपलीकडून हात हलवत होते. तिनं बघितलंच नाही, कारण तिचा श्वास सोडलेला होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत. पन्नाशीच्या, सुती कपड्यातल्या, कुणाला ओरडून न बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला समोर बसवून काम कशासाठी आहे ते सांगितलं. त्यांचा नियमच होता, स्क्रू पिळणाऱ्यालासुद्धा स्क्रू कुठे जाणार ते माहीत पाहिजे.

"काही ताऱ्यांकडून एक्स-रे येतात," मॅडम म्हणाल्या.

"दवाखान्यातले?"

"तेच. दवाखान्यात आपण ते यंत्रातून सोडतो, हे आकाशातून येतात. पण आपली हवा त्यांना खाली येऊ देत नाही. म्हणून ही पेटी उपग्रहावर बसवून हवेच्या वर न्यायची. पेटीत वायू भरलेला असेल. एक्स-रे आत शिरला की वायूत विजेची बारीकशी खळबळ होते, ती धावत तुमच्या तारेकडे येते, आणि तिथलं घड्याळ त्या क्षणाची नोंद करतं."

मावशीनं थोडा विचार केला. "म्हणजे एक्स-रे आला की तार टिक करणार."

"अगदी तसंच."

घरी गेल्यावर तिनं हे नवऱ्याला सांगितलं. नवरा शाळेत व्यायामशिक्षक. आयुष्यभर मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला हुकूम सोडून त्याचा आवाज असा झाला होता, की तो कानात काही सांगायला लागला तर शेजारच्या खोलीतला माणूस उत्तर द्यायचा. ती दिवसभर श्वास रोखून यायची आणि हा दार उघडताच "आलीस का!" म्हणून गर्जायचा. तिचे वडील म्हणायचे, या दोघांची सरासरी काढली तर एक शहाणा आवाज निघेल.

"आकाशातले एक्स-रे?" नवरा म्हणाला. "कुणाचं हाड मोडलंय वर?"

"तुम्ही हळू बोला. खालच्या मजल्यावर वाटेल आपल्याकडे अपघात झालाय."

अशा तीन पेट्या तयार करायच्या होत्या. प्रत्येक तारेला ती आधी एका टोकाला डाख द्यायची, मग दुसरं टोक छोट्या चाकावरून खाली सोडून त्याला पन्नास ग्रॅमचं वजन लावायची, म्हणजे ताण सारखा येतो, आणि मग तेही टोक पक्कं करायची. पण ताण खरंच सारखा आला का, हे पाहायचं एकच साधन. तारेजवळ चुंबक धरायचं, तारेतून नखभर वीज सोडायची आणि तार गुणगुणू द्यायची. जितका ताण जास्त, तितका सूर वर. एका सेकंदात तार किती वेळा थरथरली त्याचा आकडा यंत्रावर दिसायचा, आणि शेजारच्या छोट्या स्पीकरमधून सूर ऐकू यायचा. तीनशे शहात्तर, तीनशे एक्याऐंशी, तीनशे अठ्ठ्याहत्तर. साधारण असेच आकडे यायचे, आणि ती ते निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत, तारेच्या क्रमांकासमोर लिहायची. वर्षभरानं तिला यंत्राकडे बघायचीही गरज उरली नाही. सूर ऐकून आकडा सांगायची, आणि तो दोन-तीनच्या फरकानं बरोबर निघायचा.

तिसऱ्या पेटीचं काम चालू असताना ती गोष्ट घडली. मावशीनं सत्तेचाळिसावी तार बसवली, डाख दिला आणि चुंबक उचलणार इतक्यात काचेवर टकटक झाली. घरून निरोप होता. वडील दुकानात स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं काहीतरी काढायला गेले, पडले, आणि खुब्याचं हाड मोडलं. मावशीनं हातमोजे उतरवले आणि धावली.

दोन आठवडे ती दवाखान्यात होती. वडिलांचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते भिंतीवरच्या घड्याळाबद्दल. "ते चार मिनिटं मागे आहे. कुणाला तरी सांग." तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

ती कामावर परतली तेव्हा पेटी बंद झाली होती. उरलेल्या तेरा तारा तिच्या हाताखाली तयार झालेल्या एका मुलीनं बसवल्या होत्या, नीट मोजल्याही होत्या, आणि त्यांचे सूर ध्वनिमुद्रित करून ठेवले होते ते मावशीनं एकेक ऐकून घेतले. मावशीनं वही उघडली. शेहेचाळीसच्या समोर आकडा, अठ्ठेचाळीसच्या समोर आकडा, मध्ये कोरी जागा. ती तशीच घाईसाहेबांकडे गेली.

"साहेब, सत्तेचाळीस मोजायची राहिलीय."

"विजेची चाचणी पास झालीय. सगळ्या साठ."

"वीज वेगळी आणि ताण वेगळा."

"मावशी, पेटी पुन्हा उघडायची म्हणजे वायू काढा, झाकण कापा, पुन्हा डाख द्या, पुन्हा गळती तपासा. तीन आठवडे जातील. उपग्रह आपल्यासाठी थांबणार नाही. वजन तेच, चाक तेच, हात तुमचाच. ताण वेगळा कशानं येईल?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिनं मान डोलावली. पण त्या कोऱ्या जागेत तिनं अंदाजानंही काही लिहिलं नाही. वडील म्हणायचे, न पाहिलेल्या घड्याळाला चालू म्हणू नये. ती जागा कोरीच राहिली.

उपग्रह वर गेला. प्रयोगशाळेत सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, घाईसाहेब चक्क खुर्चीवर शांत बसले. पेट्या वर काम करू लागल्या आणि मावशी पुढच्या कामाला लागली. वर्षं गेली. दुसऱ्या वर्षी पहिल्या पेटीतला वायू गळून गेला. चौथ्या वर्षी दुसऱ्या पेटीत ठिणग्या उडू लागल्या, ती बंद करून ठेवावी लागली. तिसरी मात्र चालू राहिली. मावशीच्या मनात अधूनमधून यायचं, नेमकी तीच.

सहाव्या वर्षी खांबाला तो तारा सापडला.

खांब म्हणजे प्रयोगशाळेतला एक संशोधक. पस्तिशीचा, इतका उंच की प्रत्येक दारातून नमस्कार केल्यासारखा आत यायचा, आणि बोलायला इतका कमी की त्याचं लग्न ठरलं हे लोकांना लग्न झाल्यावर कळलं. बरीच वर्षं अंधारात असलेला एक तारा अचानक एक्स-रेमध्ये पेटला होता. खांबानं तिसऱ्या पेटीतून त्याच्याकडे अर्धा तास बघितलं, आणि आलेल्या नोंदींमध्ये त्याला ठेका सापडला. एका सेकंदात चारशे अकरा ठोके. न चुकता.

त्या दिवशी खांब आपणहून बोलत सुटला. चहाच्या खोलीत जो भेटेल त्याला धरून सांगत होता. मावशीलाही सांगितलं. एक प्रचंड तारा मरताना आत कोसळतो. सूर्याहून जड ऐवज शहराएवढ्या गोळ्यात दाबला जातो. त्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. हा गोळा एका सेकंदात चारशे अकरा वेळा स्वतःभोवती फिरतोय. त्याच्या अंगावर एक डाग पेटलेला आहे, तिथून एक्स-रे निघतात. गोळा फिरला की डाग समोर येतो, लपतो, पुन्हा येतो.

"चारशे अकरा?" मावशी म्हणाली. "चांगलं घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं, आणि तेवढ्यात आमचा जन्म गेला."

खांबानं शोधनिबंध लिहून संशोधन-पत्रिकेकडे पाठवला. महिन्याभरात परीक्षकाचं पत्र आलं. परीक्षक कोण हे अशा वेळी सांगत नाहीत, पण माणूस जाणता होता. त्यानं एकच प्रश्न विचारला होता. तुमच्या पेटीतल्या तारा सेकंदाला साधारण एवढ्याच वेळा थरथरतात. तुम्ही बघत होता त्या अर्ध्या तासात उपग्रहाची तोल सांभाळणारी चाकं नेहमीपेक्षा जोरात फिरत होती. त्या हादऱ्यानं एखादी तार गुणगुणू लागली, आणि तुम्ही तिलाच तारा समजलात, असं झालं नसेल कशावरून?

खांबाचा चेहरा उतरला. दुसऱ्या पेटीशी ताडून पाहावं, तर दुसरी पेटी मेलेली. साठही तारांचा निरोप एकाच वाटेनं खाली येतो, त्यामुळे कुठली तार काय बोलली हेही कळायला मार्ग नाही.

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मावशीला निरोप आला, वही घेऊन या.

लांब टेबलाभोवती सात-आठ माणसं बसली होती. घाईसाहेब खिडकीपाशी उभे होते, आता केस पांढरे झालेले, पण पाय अजून एका जागी ठरत नव्हते. खांबानं तो ठेका सुरात बदलून संगणकावर लावला. खोलीत एक सरळ, न थरथरणारा सूर भरून राहिला.

मावशीनं डोळे मिटले. "ही माझी तार नाही," ती म्हणाली. "माझ्या तारा याच्या खाली बोलतात."

खांब एकदम ताठ झाला. "नक्की, मावशी?"

"साठ तारांचे साठ सूर मी ऐकलेत. सगळ्यात वरची तीनशे शहाऐंशी होती. वहीत बघ."

वही टेबलावरून फिरली. खांब बोट ठेवून एकेक आकडा वाचत गेला. तीनशे चौऱ्याहत्तर. तीनशे ब्याऐंशी. त्याच्या आवाजात जीव येत चालला होता. मग त्याचं बोट थांबलं.

"सत्तेचाळीसच्या समोर काही नाही."

मावशीला ते वही आणतानाच ठाऊक होतं. रात्री नवऱ्याशी बोललीही होती. तो म्हणाला होता, साठातली एक, कोण विचारतंय. आता सगळे तिच्याकडे बघत होते. 'ती पण तशीच होती, मी ऐकलीय' एवढं म्हटलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. तिचा कान सगळ्यांना माहीत होता.

"साठ म्हणाले ते चुकलं," ती म्हणाली. "एकोणसाठ ऐकल्या. सत्तेचाळीस मी मोजलेली नाही. बसवली तेव्हा वडील पडल्याचा निरोप आला, मी गेले. आले तेव्हा पेटी बंद होती. वजन तेच लावलं होतं, तेव्हा ताणही तोच असणार. पण असणार वेगळं आणि आहे वेगळं. माझा कान एकोणसाठांची ग्वाही देईल. साठावीची नाही देणार."

खांबानं वही हळूच मिटली. मावशीला त्याच्याकडे बघवेना. एवढ्या वर्षांचं काम, आणि तिच्या एका वाक्यानं अडकलं.

तेवढ्यात खिडकीपाशी घसा खाकरल्याचा आवाज झाला. "पेटी मी बंद करायला लावली," घाईसाहेब म्हणाले. "मावशी तेव्हाच मला सांगायला आल्या होत्या. मीच म्हणालो, राहू द्या. हे लिहून ठेवा कुठेतरी. त्यांच्या नावावर नको."

मावशी त्यांना इतकी वर्षं ओळखत होती, पण त्यांना इतकं सावकाश बोलताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "बरं झालं आत्ताच कळलं," त्या म्हणाल्या. "आता असं बघू. समजा ती तार आहे. तार कशी बोलेल? एकाच सुरात बोलेल, चाकं जोरात फिरतील तोवर. आणि तारा असेल तर? असा तारा एकटा नसतो. त्याला जोडीदार असतो, दोघं एकमेकांभोवती फिरतात. म्हणजे तारा कधी आपल्याकडे येतोय, कधी लांब जातोय. जवळ येताना ठोके किंचित घाईनं पोचतील, लांब जाताना किंचित सावकाश. रस्त्यावरून भोंगा वाजवत गाडी जाते, तसं. तुम्ही अर्धाच तास बघितलंत. फेरी पूर्ण व्हायला तास-दोन तास लागत असतील. पुन्हा बघा. जास्त वेळ बघा."

"तारा विझत चाललाय," खांब म्हणाला. "फार तर आठवडाभर राहील."

"मग इथे का बसलायस?"

उपग्रहाचा वेळ मिळवणं सोपं नव्हतं. दुसऱ्यांची कामं आधीपासून लागलेली असतात. मॅडम दिवसभर फोनवर होत्या. कुणाला समजावलं, कुणाला गळ घातली, कुणाला जुन्या उपकाराची आठवण करून दिली. शेवटी तीन दिवस मिळाले. तेही तुकड्यातुकड्यांनी, कारण उपग्रह पृथ्वीच्या आड गेला की तारा दिसत नाही.

ते तीन दिवस मावशीनं काम केलं, पण डाख दोनदा बिघडला, जे तिच्या हातून कधी होत नसे. चौथ्या दिवशी सकाळी ती चौकटीवर वाकलेली असताना काचेवर टकटक झाली. खांब होता. आत यायला हातमोजे, टोपी, अंगरखा चढवावा लागतो, तेवढा धीर त्याला नव्हता. त्यानं एक कागद काचेला चिकटवून धरला. कागदावर एक रेघ होती. वर जाणारी, खाली येणारी, पुन्हा वर जाणारी, लाटेसारखी. खाली त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'दोन तास नऊ मिनिटं.'

मावशी बाहेर आली. "म्हणजे?"

"फेरी. दोन तास नऊ मिनिटांत तो जोडीदाराभोवती एक फेरी घालतो. ठेका चारशे अकराच्या आसपास केसभर वर जातो, केसभर खाली येतो, आणि दर फेरीत तंतोतंत तसाच. चाकं मंदावली, जोरात फिरली, ठेक्याला पत्ताच नाही. मावशी, तार असं करूच शकत नाही."

"सत्तेचाळीससुद्धा?"

"सत्तेचाळीससुद्धा," तो म्हणाला, आणि मग ज्या माणसाचं लग्नसुद्धा लोकांना नंतर कळलं, त्यानं मान मागे टाकून मोठ्यानं हसून घेतलं.

संध्याकाळी ती वडिलांकडे गेली. वडील आता शहात्तरचे, काठी घेऊन चालत, पण सकाळी दोन तास दुकानात बसणं त्यांनी सोडलं नव्हतं. येतं कोण, म्हटलं तर कुणी नाही. घरात अकरा घड्याळं होती आणि अकराही एकाच वेळी वाजायची. तिनं चहा केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. चारशे अकरा ऐकून वडिलांच्या भुवया वर गेल्या.

मग त्यांनी घड्याळवाल्याचा प्रश्न विचारला. "त्याला किल्ली कोण देतं?"

"काय?"

"अगं, फिरणारी वस्तू मंदावते. स्प्रिंग सैल होते, तेल सुकतं. एवढ्या जोरात फिरतोय, तोही मेलेला तारा, म्हणजे कुणीतरी किल्ली देत असणार."

मावशी थबकली. हे तिनंच विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं खांबाला गाठलं, आणि त्यानं तिला चहाच्या खोलीतल्या मोरीशी नेऊन नळ सोडला. पाणी भोकाकडे जाताना सरळ जात नाही, गोल गोल फिरत जातं. न्यूट्रॉन तारा शेजारच्या जोडीदाराचा ऐवज ओढून घेतो. तो ऐवजही सरळ पडत नाही, घिरट्या घालत आत येतो, तापतो आणि ताऱ्यावर पडताना आपली फिरकी त्याला देऊन जातो. अशी थोडी थोडी फिरकी कोट्यवधी वर्षं मिळत राहिली, की म्हातारा, मंदावलेला तारा पुन्हा भिंगरीसारखा फिरू लागतो. आणि तो पडणारा ऐवजच एक्स-रेमध्ये पेटतो.

तिनं ते जसंच्या तसं घरी नवऱ्याला आणि मग वडिलांना सांगितलं. नळासकट.

"म्हणजे शेजारी किल्ली देतो," वडील म्हणाले.

"हो."

"आणि तो रिकामा झाला की?"

"मग याचं पेटणं संपेल. फिरत राहील, पण अगदी हळूहळू मंदावत. फार म्हणजे फार वर्षं लागतील, असं म्हणाला."

वडिलांनी कपातला उरलेला चहा संपवला. "चांगला शेजारी आहे," ते म्हणाले. "आमच्या वरच्या मजल्यावरचा साधी शिडी देत नाही."

निबंध छापून आला. परीक्षकानं दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं की नोंद कोरी असल्याचं तुम्ही स्वतःच कळवलंत, त्यामुळे बाकीच्या एकोणसाठ आकड्यांवर माझा जास्त विश्वास बसला. मॅडमनी ते वाक्य मावशीला दोनदा वाचून दाखवलं. तारा त्याआधीच विझला होता. आता तो पुन्हा कधी पेटेल, दोन वर्षांनी की वीस, कुणाला सांगता येत नव्हतं.

वर्तमानपत्रात छोटी बातमी आली. नवऱ्यानं ती सकाळी उभं राहून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी वाचली. बातमीत 'शास्त्रज्ञांच्या पथकाने' असं होतं. तारांचा उल्लेख नव्हता.

"तुझं नाव कुठाय?"

"कशाला हवंय? बातमी आहे, हजेरीपट नाही."

"कमाल आहे! तारा तू ओढायच्या आणि—"

"अहो, हळू."

तो धुमसत शाळेत गेला. दुपारी तिला सुट्टी होती. तो डबा घरीच विसरला होता, म्हणून ती द्यायला गेली. फाटकातूनच आवाज ऐकू आला. मैदानाच्या मधोमध बसून फिरायची लोखंडी चकती होती, लहान मुलांची. तिच्यावर वर्गातला सगळ्यात गुटगुटीत मुलगा कठड्याला घट्ट धरून बसला होता. बाकीची तीसेक मुलं लांबून रांगेनं पळत यायची, चकतीला बाजूनं एक धक्का द्यायची आणि पुढे निघून जायची. चकती प्रत्येक धक्क्याला आणखी जोरात फिरत होती. नवरा शिट्टी तोंडातून काढून ओरडत होता, "सरळ नाही पळायचं! वळसा घालून या! वळसा घालून! फिरकी द्या त्याला!"

"सर, किती झाले?" चकतीवरचा मुलगा किंचाळला.

"सेकंदाला अर्धा! अजून चारशे साडेदहा बाकी आहेत!"

मुलं हसून लोळायला लागली. एक मुलगी धावता धावता आपटली, उठली, पुन्हा रांगेत गेली. मावशी फाटकाला टेकून बघत राहिली. डबा गार होत होता. नवऱ्याचं तिच्याकडे लक्ष गेलं तसा त्यानं सगळ्या मैदानाला ऐकवलं, "ह्या बघा! त्या तारा ह्यांनी बसवल्यात! हाताला धरा, विचारा काय विचारायचं ते!"

तीस मुलं तिच्याकडे धावत आली. सगळ्यांनी एकदमच विचारायला सुरुवात केली, आणि तिनं डबा फाटकाशेजारच्या कट्ट्यावर ठेवून बाही वर सारली.